दुपारी दोनला बंद पडणारा संगणक

मे महिन्यात मला येणाऱ्या फोनची वेळ ठरलेली असते. दुपारी दोन ते चार. पलीकडे कधी कुणी आबा असतात, कधी ताई, कधी कॉलेजातला पोरगा, आणि वाक्य जवळपास तेच असतं. "सकायले चांगला चालना भो, आते आपोआप बंद पडी ऱ्हायना." मला संगणकाची हौस आहे हे धुळ्याच्या देवपुरात बऱ्याच जणांना ठाऊक झालं आहे. त्यामुळे दुकानात नेण्याआधी यंत्राची नाडी माझ्याकडे दाखवायची, अशी पद्धतच पडून गेली आहे. मी आधी तीनच गोष्टी विचारतो. किती वाजता बंद पडतो? तेव्हा काय काम चालू होतं? आणि त्याआधी काही नवीन बसवलं, हलवलं, बदललं होतं का? बहुतेकांना नीट आठवत नाही.

म्हणून पहिली सूचना हीच. संगणकाशेजारी एक शंभर पानी वही ठेवा. बिघाड झाला की तारीख, वेळ आणि चालू असलेलं काम लिहा, आणि पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा. "काहीतरी एरर आला होता" यावरून जगातल्या कुठल्याही जाणकाराला काही सांगता येत नाही. आठवडाभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की पुष्कळदा कारण आपल्यालाच दिसतं, आणि नवा संगणक घ्यायला ठेवलेले पैसे वाचतात.

वरच्या अहिराणी वाक्यातही कारण दडलेलं आहेच. सकाळी ठीक, दुपारी बंद. प्रोसेसर तापतो, त्याच्यावर बसवलेला धातूचा हीटसिंक ती उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती खोलीतल्या हवेत सोडतो. खोलीतली हवाच ४०-४२ अंशांची असेल तर उष्णता सोडायची कुठे? अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठीचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. खानदेशात मार्चअखेरपासून पहिला पाऊस येईपर्यंत दुपारी घरातला पारा त्याच्या वरच असतो, आणि पत्र्याचं छत असेल तर विचारूच नका. लॅपटॉपचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात. तेवढ्यानं भागलं नाही तर यंत्र बंद होतं. हे यंत्राचं स्वतःला वाचवणं आहे. त्याला खराब समजून फॉरमॅट मारणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचे कपडे बदलण्यासारखं आहे.

खात्री करायची तर कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यू मॉनिटर यांसारखं मोफत सॉफ्टवेअर बसवा आणि सकाळी सातचा व दुपारी तीनचा आकडा वहीत लिहा. काही काम चालू नसतानाही प्रोसेसर सत्तरच्या वर असेल, किंवा थोडं काम दिल्याबरोबर पंच्याण्णवला भिडत असेल, तर आत धूळ साचली आहे असं धरून चाला. आपल्याकडची धूळ बारीक असते. पावसाळ्याआधीच्या वावटळी झाल्या की हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा नमदा बसतो. एका फोटो स्टुडिओतला संगणक मी उघडला होता, तो लाकडी टेबलाच्या बंद खणात ठेवलेला. पात्यांमधून हवा जायला सुईएवढीही जागा उरली नव्हती. मालकांनी त्या वर्षात दोनदा विंडोज नव्यानं टाकून घेतली होती.

सफाई घरी करता येते, फक्त क्रम पाळा. वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. डबा गच्चीत किंवा ओट्यावर न्या. ब्लोअरनं हवा मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून तो फिरू देऊ नका. हवेच्या झोतानं पंखा भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. ओलं फडकं आत नेऊ नका. तीन-चार वर्षं जुन्या संगणकात प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती स्पिरिटनं पुसून ज्वारीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवायची, बोटानं फासायची नाही. डेस्कटॉपवर हे काम शिकून घेण्यासारखं आहे. लॅपटॉपची खोड मात्र वेगळी असते, तो पहिल्यांदा तरी जाणत्या माणसाकडूनच उघडून घ्या.

आणि कूलर. आपल्या घरात उन्हाळा कूलरवरच निघतो, त्यामुळे संगणकालाही गार वारा मिळावा म्हणून लोक त्याला कूलरच्या तोंडाशी ठेवतात. असं करू नका. कूलरचा वारा दमट असतो. ती ओल आणि आतली धूळ मिळून लेप तयार होतो, तो पात्यांवर घट्ट बसतो आणि जोडण्यांवर गंज चढवतो. बोअरच्या जड पाण्याच्या कूलरची जाळी पांढरी पडलेली तुम्ही पाहिली आहेच. खोली गार होऊ द्या, पण झोत संगणकावर घेऊ नका. व्हिडिओ जोडणं, मोठ्या फाइली बनवणं असली जड कामं सकाळी नऊच्या आत उरका. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खाली पाट ठेवा. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, किंवा झाकण नीट बसेना, तर आतली बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जिंग थांबवा, बॅटरी टोचू किंवा दाबू नका आणि लगेच बदलून घ्या. ही एक गोष्ट उद्यावर ढकलायची नाही.

दुसरी तक्रार विजेची. "घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की संगणक रिस्टार्ट होतो." यावर अनेकांनी वेगळा यूपीएस विकत घेतला आहे, आणि तो न घेताही काम झालं असतं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं. त्यावर एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको, होम किंवा नॉर्मल असं काहीतरी लिहिलेलं असतं. संगणकाचा पॉवर सप्लाय विजेविना सेकंदाच्या साधारण साठाव्या भागापुरताच तग धरतो. होम मोडमध्ये इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागतो. पंख्याला, ट्यूबलाइटला ते जाणवत नाही, संगणकाला जाणवतं. बटण यूपीएसकडे सरकवलं की बदल दहा-एक मिलिसेकंदांत होतो. मात्र या मोडमध्ये व्होल्टेज थोडं खाली गेलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. गावाकडे, जिथे संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की दिवे मंद होतात, तिथे त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. तिथे मग संगणकापुरता ६०० व्हीएचा यूपीएस घेणंच बरं. त्याच्यावर लेझर प्रिंटर जोडू नका. छपाईच्या वेळी तो एकदम इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस कोलमडतो.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला झिणझिण्या येतात, असंही पुष्कळ जण सांगतात. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. एक तर तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घातलेला असतो, नाहीतर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. कोळसा-मीठ घालून केलेल्या खड्ड्यातली ओल गेली की अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्च ते जून दर आठवड्याला त्या खड्ड्यात एक बादली पाणी ओता. तरी झिणझिण्या थांबल्या नाहीत तर वायरमनला बोलवा आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यामधलं व्होल्टेज मीटरनं मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर दुरुस्ती भिंतीतली आहे, लॅपटॉपची नाही.

"हळू चालतो" ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं उत्तर सगळ्यात लवकर देता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात सतत शंभर टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर अँटिव्हायरस बदलून किंवा कॅश साफ करून फरक पडणार नाही. एसएसडी बसवा. फिरती डिस्क विखुरलेल्या फाइली सेकंदाला शंभरेक वेळा शोधते, साधी एसएसडी तेच काम हजारो वेळा करते. रॅम चार जीबी असेल तर आठ करा. डिस्क बदलण्याआधी क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये तिची तब्येत बघा. तिथे पिवळा रंग दिसला तर आधी फाइली बाहेर काढा, बाकी सगळं नंतर.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. नियम डावलून जुन्या यंत्रावर ती बसवून देणारे भेटतात. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर तरी हे करू नये, असं माझं मत आहे. लिहिणं, वाचणं, इंटरनेट एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट जुन्या यंत्रावर छान चालते आणि मराठी टायपिंगही नीट होतं.

आणखी एक छोटी गोष्ट, कारण तिच्यापायी मी लोकांना हताश होताना पाहिलं आहे. कुठलीच वेबसाइट उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. सीआर २०३२, तीन व्होल्ट. तो बदला, तारीख नीट करा, सगळं उघडतं. आणि त्या इशाऱ्याच्या जागी एखादा फोन नंबर आला, पलीकडच्या माणसानं एनीडेस्क, म्हणजे आपला संगणक दुसऱ्याच्या हाती देणारं सॉफ्टवेअर, उघडायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवा.

आता ज्या विषयासाठी मी खरं तर हा लेख लिहायला बसलो, त्याकडे येतो. एका निवृत्त गुरुजींनी २००३ च्या सुमारास अहिराणी शब्दांचा संग्रह टाइप करून ठेवला होता. शेतीची अवजारं, बैलांचे रंग, जात्यावरचे शब्द, लग्नातल्या विधींची नावं. जुना संगणक गेला, फाइली सीडीवर होत्या. नव्या लॅपटॉपवर त्या उघडल्या तर प्रत्येक पानावर इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि चिन्हांचा चिखल. गुरुजी म्हणाले, "सगळं गेलं." ते गेलेलं नव्हतं, आणि तुमच्याकडच्या जुन्या फाइलीही गेलेल्या नाहीत.

झालेलं असतं ते असं. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांच्या काळात संगणकाला देवनागरी अक्षर म्हणून काही कळत नव्हतं. इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेला असायचा. फॉन्ट हा चष्मा होता. चष्मा असेपर्यंत मराठी दिसायचं, काढला की खालचं इंग्रजी उघडं पडायचं. आणि प्रत्येक कंपनीचा चष्मा वेगळा. देशी लिप्यांना एकच सांकेतिक क्रम असावा म्हणून भारतानं इस्की नावाचं मानक १९९१ मध्ये पक्कं केलं, पुण्याच्या सी-डॅकनं त्यावर खूप काम केलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो धुळ्यात, दुबईत आणि मोबाइलवर सारखाच. विंडोजवर युनिकोड मराठी पहिल्यांदा अनेकांनी पाहिलं ते मंगल या फॉन्टमधून. त्याची अक्षरं सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेली आहेत, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

अशा फाइली वाचवताना पहिला नियम हा, की मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढून प्रतीवर काम करायचं. वर्ड किंवा लिबर ऑफिसमध्ये प्रत उघडून मजकुरावर क्लिक करा. फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव दिसतं, तो फॉन्ट संगणकात नसला तरी. ते नाव वहीत अंकासकट, जसंच्या तसं लिहा, कारण एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. जुनी हार्ड डिस्क हाताशी असेल तर तिच्या विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टची फाइल उचलून मजकुराशेजारीच ठेवा. फॉन्ट बसला की मराठी दिसू लागेल. त्याच वेळी एक पीडीएफ बनवा, म्हणजे पान कसं दिसायचं याचा पुरावा राहील. मग त्या नेमक्या फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा.

पूर्ण पुस्तक एकदम टाकू नका. आधी एक परीक्षेचं पान टाका. त्यात ‘शेतकऱ्याचा’, ‘विद्यार्थ्यांनी’, ‘ट्रॅक्टर’, ‘क्षत्रिय’, ‘कॉलेज’ असे शब्द आणि चार आकडे असू द्या. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, रफार भलत्या अक्षरावर चढतो, मध्ये आलेल्या इंग्रजी शब्दाचं देवनागरी कडबोळं होतं. कन्व्हर्टर चुकतो तो बहुतेक ठरलेल्या जागीच चुकतो. त्या जागा एकदा कळल्या की शोधा-आणि-बदला वापरून सगळ्या पुस्तकात दुरुस्त करता येतात. फॉन्ट सापडलाच नाही पण छापलेली प्रत असेल, तर स्वच्छ स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर चढवा आणि ती फाइल गुगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातली मराठी अक्षरं ते ओळखून देतं. गुरुजींच्या संग्रहातला निम्मा भाग फॉन्टवरून आला, उरलेला झेरॉक्स प्रतीवरून. प्रत्येक पान मात्र माणसानं वाचावंच लागलं. यंत्राला अहिराणी येत नाही, ते ओळखीच्या मराठी शब्दाकडे ओढ घेतं. म्हणून अहिराणी लिहिताना आपोआप दुरुस्ती बंद करून ठेवा, नाहीतर तुमचा शब्द तुमच्या डोळ्यांदेखत प्रमाण मराठी होऊन जाईल. अहिराणीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत एएचआर अशी स्वतःची खूण आहे. फाइलच्या नावात ती घालायची सवय लावली तर पुढे शोधणाऱ्याला सोपं जातं.

नवं लिहिणाऱ्यांना माझा आग्रह इनस्क्रिप्ट कीबोर्डचा आहे. विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडलं की तो येतो. विंडोजची खूण असलेली कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, जसं बोलतो त्याच क्रमानं. ‘धुळे’ लिहायला शिफ्ट-ओ, जी, शिफ्ट-एन, एस, एवढ्या चारच ठोक्यांत काम होतं. ‘लळिंग’साठी एन, शिफ्ट-एन, एफ, एक्स, आय. वेलांटी ‘ळ’च्या नंतर दाबायची, दिसते आधी. आणि सगळ्यांना अडवणारा ‘शेतकऱ्या’तला अर्धा र असा येतो: शिफ्ट-जे, मग डी, मग य. हे अक्षर काही जण वेगळ्या पद्धतीनं जोडतात. ते दिसायला तसंच दिसतं पण आतले क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे शोधताना शब्द सापडत नाही. एका संस्थेत एका पुस्तकावर चार जण टाइप करणार असतील तर ही पद्धत आधी ठरवून घ्या. रोज अर्धा तास दिला तर पंधरा दिवसांत बोटं बसतात.

आणि मग हे सगळं जपायचं कसं? आपल्या गावात हा प्रश्न नवा नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं गोळा करत राहिले, आणि १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडं इथल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. कागद टिकला कारण कुणीतरी तो रुमालात बांधला, वर चिठ्ठी लावली आणि मधूनमधून उघडून पाहिला. फाइलींनाही तेच लागतं. तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. पेन ड्राइव्ह फाइल नेण्या-आणण्यासाठी आहे, तिच्या भरवशावर काही सोडू नका. गुगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही येतात. व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातच्या चित्रांनी ती भरून जाते आणि कामाच्या फाइली चढणं थांबतं. ते तपासत राहा.

गुरुजींच्या संग्रहाची एक प्रत आता त्यांच्या लॅपटॉपवर आहे, एक ड्राइव्हवर आणि एक हार्ड डिस्कवर, नाशिकला लेकीकडे. दर दिवाळीला लेक येते तेव्हा डिस्क सोबत आणते. गुरुजी तिच्यातली कुठलीही एक फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून बघतात आणि वहीत तारीख टाकतात. तुम्हीही डिस्क माळ्यावर, पत्र्याखाली ठेवू नका. तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात, कपड्यांच्या घडीत तिची जागा करा, आणि वर फॉन्टचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.